चोरानं घातलेली साखर

१

डबा स्टीलचा होता, नागपूरहून आलेला. झाकणावर मशिननं कोरलेलं नाव : गिरजाबाई मेश्राम. रविवारी दुपारी त्यात कापसात गुंडाळलेली एक जुनी डबी होती, दुसऱ्याची, मागून आणलेली. सोमवारी सकाळी प्रितमनं झाकण काढलं तेव्हा डबी गेलेली होती.

"जागृती मावशी, येशील का? प्लीज." फोनवर तो एवढंच बोलला.

मी अमेरिकेत हॅरिसबर्गला राहते आणि एका इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासते. तळघरात पाणी शिरलं की शिरवलं, आग लागली की लावली, हे लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून ठरवायचं, हा माझा धंदा. लोक खोटं बोलतात, मी ऐकून घेते. या कामानं माणूस हुशार होत नाही, नुसता थकतो. आईवडिलांनी नाव जागृती ठेवलं, पण मला कित्येक वर्षांपासून फक्त झोप हवी आहे. तरी निघाले. गिरजाताई माझी मावसबहीण. नागपुरात तिच्या घरी राहून मी कॉलेज केलं. तिच्या मुलानं बोलावल्यावर 'बिझी आहे' म्हणण्याची माझी टाप नव्हती.

स्टेट कॉलेज नावाच्या प्रितमच्या गावी पोचले तेव्हा पार्किंगच्या कोपऱ्यात काळा पडलेला बर्फाचा ढीग अजून होता. निम्मा एप्रिल संपत आला तरी तो वितळेना. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

"जय भीम, ये," गिरजाताई दारातच म्हणाली. डोळे सुजलेले. मुलाचा पीएचडीचा शेवटचा दिवस बघायला ती महिन्याभरापूर्वी आली होती. या अपार्टमेंटमध्ये प्रितम, अनुप आणि ऋषी अशी तीन पोरं राहतात, आणि तिला आल्या दिवसापासून तिघांच्या मिळून एका आईचं काम लागलेलं.

"तू बस, चहा मी टाकते," म्हणून मी ओट्यापाशी गेले. 'शुगर' लिहिलेली बरणी उघडली आणि सवयीनं बोट लावून चाखलं. मीठ.

"त्यात मीठ असतं," प्रितम म्हणाला. "साखर कॉफीच्या टिनमध्ये. वरच्या कपाटात, एकदम मागे. फर्स्ट इयरला मुंग्या झाल्या होत्या, टाइट झाकण त्या टिनचंच होतं. तेव्हापासून तसंच."

चहा झाला. मग त्यानं तो डबा माझ्यापुढे ठेवला. मी झाकण काढलं. डबी नाही, कापूससुद्धा नाही. पण डबा रिकामा नव्हता. तळाशी पांढरे दाणे होते, चमचाभर असतील. मी चाखले. साखर.

"आधीची राहिली असेल," प्रितम म्हणाला.

"आधीची कशी राहील? घासूनपुसून, कोरडा करून दिला होता मी तुला." गिरजाताई उठून जवळ आली, डब्यात वाकून पाहिलं आणि एकदम गप्प झाली. 

२

"आता मला पहिल्यापासून सांग," मी प्रितमला म्हणाले. "आणि मी इतिहासात ढ आहे हे धरून सांग."

त्यानं सांगितलं. अठराव्या शतकात युरोपात मोठं युद्ध पेटलं होतं. १७५८ साली ब्रिटन आणि प्रशियानं तह केला. ब्रिटननं प्रशियाच्या राजाला पैसा पुरवायचा, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला सोडून शत्रूशी परस्पर समेट करायचा नाही. लंडनमध्ये या तहावर टीका करणारेही होते. परक्या राजाच्या लढाईत आपली थैली का रिकामी करायची, असं ते विचारत. पुढे पैसा थांबला, ब्रिटननं आपला वेगळा समेट उरकला आणि तो राजा ते मरेपर्यंत विसरला नाही.

"माझा थिसिस टीका करणाऱ्यांवर आहे," प्रितम म्हणाला. "सगळे म्हणतात, ती टीका म्हणजे चार बड्या लोकांची कुरकुर होती. मी म्हणतो, नाही, ती बाजारात पोचली होती. आणि त्याचा पुरावा म्हणजे ती डबी."

तपकिरीची डबी. तांब्यावर मिन्याचं रंगीत काम. झाकणावर चित्र असं : प्रशियाच्या गरुडानं ब्रिटनच्या सिंहाच्या गळ्यात दोर बांधलाय आणि त्याला ओढत नेतोय. सिंहाच्या पंजात झेंडा, खाली साल १७५८. बेलफाँटच्या मिसेस हॉलोवे नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या आजोबांनी ती कुठूनशी आणलेली.

"दोन वर्षं मी तिचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर ठेवून चॅप्टर लिहिलं. बाई डबी हातात द्यायलाच तयार नव्हत्या. परवा पहिल्यांदा दिली. उद्या सकाळी डिफेन्स आहे, थिसिसची तोंडी परीक्षा, त्या स्वतः येणार आहेत. बाहेरून एक परीक्षक बाई येतायत, जुन्या वस्तूंच्या एक्स्पर्ट. त्यांना डबी दाखवायची होती."

"आणि नाही दाखवली तर?"

"डिफेन्स होईल कसाबसा. पण मिसेस हॉलोवेंना सकाळी फोन केला मावशी. त्या म्हणाल्या, उद्या डबी टेबलावर नसेल तर आय विल कॉल द पोलीस." तो हसल्यासारखं करून थांबला. "ओहायोतल्या एका कॉलेजनं जॉब दिलाय, डिग्रीच्या अटीवर. मी व्हिसावर आहे. चोरीची कंप्लेंट झाली तर डिग्री, जॉब, सगळं संपलं. आईनं माझ्यासाठी सहा वर्षं काय काय केलंय तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणूनच मी आले होते.

"रविवारी घरात कोण कोण होतं?"

बाबासाहेबांची जयंती कॅम्पसवर रविवारी साजरी झाली. त्याआधी इथे जेवण होतं. घरचे चौघं, शिवाय दोन पाहुणे : बोल्सबर्गचे चंद्रशेखर काका आणि प्रितमची वर्गातली आश्लेषा. जेवताना प्रितमनं डबी सगळ्यांना दाखवली, मग आपल्या खोलीत नेऊन डब्यात ठेवली. नंतर सगळे मिळून कॅम्पसवर गेले.

सगळे मिळून गेलो, असं प्रत्येक क्लेममध्ये लिहिलेलं असतं. मिळून कधीच कुणी निघत नाही. एकाचा फोन राहतो, दुसऱ्याला बाथरूमला जायचं असतं, तिसरा गाडीत हॉर्न वाजवतो. इथेही तेच झालेलं. दोन गाड्यांनी चार खेपा केल्या आणि दार सताड उघडं होतं.

"आश्लेषा तुझी मैत्रीण?"

प्रितमनं कप उचलला, तो रिकामा होता, तरी त्यातून घोट घेतला. "होती," तो म्हणाला.

३

अनुप मुंबईचा, कॉम्प्युटरवाला. प्लेनोला नोकरी लागली म्हणून त्याचं सामान बांधून झालं होतं. हॉलमध्ये खोक्यांची भिंत उभी होती.

"सगळी उघडून बघा मावशी, आय डोन्ट माइंड," तो म्हणाला. "टेप मीच परत लावीन."

मी दोन उघडली. ज्याचा मालक स्वतः उघडून दाखवतो त्या खोक्यात काही नसतं, हे माहीत असूनही उघडली, कारण फी त्याचीच असते. कुकर, चादरी आणि एक धूळ खाल्लेली गिटार निघाली.

"प्रितम आणि आश्लेषाचं काय झालं?"

"अहो, ते दोघं म्हणजे एक युनिट होते. आमच्या किचनमध्येच पडीक असायची ती, चार वर्षं. दोघांनी फर्स्ट इयरलाच पॅक्ट केला होता. एकमेकांना दाखवल्याशिवाय कुठलंही चॅप्टर बाहेर जाणार नाही. ती लाल पेननं पार चिंध्या करायची आणि हा परत लिहायचा. मग गेल्या वर्षी हा वैतागला यार. चौथं चॅप्टर तिला न दाखवताच डायरेक्ट कमिटीला पाठवून दिलं. तिला कळलं, भांडण झालं, यानं तिला ब्लॉक केलं. द एंड."

"मग रविवारी ती आली कशी?"

"आईंनी बोलावलं ना! त्यांना कुठे माहीत होतं."

तहाचा अभ्यास करणाऱ्यानं घरातलाच तह मोडला होता. मला हसू आलं नाही. माणसं पुस्तकातून काय शिकतात हे मी बघत आलेय.

ऋषी न्यू जर्सीत जन्मलेला. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तो कानात इअरफोन ठेवूनच बोलला.

"आय डिडन्ट टच इट. जेवताना मी फक्त एक जोक मारला. आय सेड, ड्यूड, सिंहाच्या हातात इट्स लिटरली द सेम फ्लॅग." त्यानं फ्रिजकडे बोट केलं. तिथे प्रितमनं लंडनहून आणलेला मॅग्नेट होता. निळ्या झेंड्यावर तांबडी-पांढरी फुली, उभी-आडवी आणि तिरपी. "सगळे हसले. अनुपनं डबीचा आणि मॅग्नेटचा फोटो पण काढला साइड बाय साइड. दॅट्स इट."

मग मी त्याला डबा दाखवला. "यात साखर का असेल, काही अंदाज?"

"समबडी वॉन्टेड अ स्नॅक?" तो खांदे उडवत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काही नव्हतं.

चंद्रशेखर काकांकडे मी गाडी घेऊन गेले. रिटायर्ड इंजिनीअर, चाळीस वर्षं अमेरिकेत, घरभर जुनी घड्याळं आणि प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. माझं डोकं तिथेच दुखायला लागलं.

"हो, मी विचारलं प्रितमला, बाई विकतील का म्हणून," काका म्हणाले. "सुरेख वस्तू! पण मी चोरीन असं वाटतं तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही काका. मी विचारते फक्त. त्या घरी आधी कधी गेला होतात?"

"पहिल्यांदाच गेलो. सोफ्यावर बसलो, सोफ्यावरच जेवलो, तिथूनच उठून गाडीत बसलो. गुडघे हे असे! त्या मुलांच्या पसाऱ्यातून किचनपर्यंत तरी कोण जातंय?"

निघताना त्यांनी माझा हात धरला. "एक सांगू? डबीबद्दल ती पुण्याची आश्लेषा माझ्याहून जास्त विचारत होती. हातात घेऊन खिडकीशी गेली. मग परत आली तेव्हा चेहरा असा, जणू घरून वाईट बातमी आलीय."

४

आश्लेषा लायब्ररीबाहेरच्या बाकावर भेटली. बारीक, डोळ्यांखाली काळं, हातात गार झालेली कॉफी. या गावात मला माझ्यापेक्षा थकलेलं कुणीतरी पहिल्यांदाच दिसलं.

"प्रितमनं पाठवलं तुम्हाला?"

"त्याच्या आईनं, असं समज."

"काकू छान आहेत," ती म्हणाली आणि कॉफीकडे बघत राहिली. "मी जेवले, जयंतीला गेले, घरी आले. मला माहीत नाही डबी कुठेय."

"तुझं त्याच्याशी पटत नाही म्हणे."

"त्याचं माझ्याशी पटत नाही. दोन्ही वेगळं आहे." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "लोकांना वाटतं, मी त्याच्या कामाच्या मागे लागले होते. त्याचा थिसिसच काय सांगतो? की तहावर टीका करणारे सगळे तहाचे शत्रू. मी त्याला कायम म्हणायचे, अरे, शत्रू कशाला इतका विचार करेल? ज्याला झळ लागते तोच बोलतो. त्याला ते कधीच आवडलं नाही."

"डिफेन्स बुडला तर तुला बरं वाटेल?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं. मग ती उठली. "मला क्लास आहे."

क्लास नव्हता. वेळापत्रक तिच्या ऑफिसच्या दारावर चिकटवलेलं होतं, मी आधीच बघून आले होते. ती खोटं बोलली होती. पण या दोन दिवसांत सगळेच थोडंथोडं खोटं बोलले असणार. आणि साखरेचं काय? चोर वस्तू नेतो, वर डब्यात साखर कशाला घालेल? रिकामा डबा परत देऊ नये, निदान साखर तरी घालावी, हे तर घरच्या मोठ्या बायकांचं वळण. तसं वळण असलेली, त्या घरात बिनबोभाट वावरणारी एकच बाई मला ठाऊक होती. महिनाभर ती मुलाला म्हणत होती, झालं तेवढं पुरे, आता परत चल.

गाडीत बसले तरी किल्ली फिरवायला हात होईना.

५

मी परत आले तेव्हा गिरजाताई भांडी घासत होती. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. लोकांचे क्लेम नाकारताना मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"ताई, तू ती साखर पाहून गप्प का झालीस?"

तिनं नळ बंद केला. "कारण चोर आपलाच आहे, हे कळलं ना मला. बाहेरचा चोर कशाला साखर घालते? मला वाटलं, अनुप असेल. पोरगं माझ्या हातचं जेवते. त्याचं नाव कसं घेऊ मी?"

"आणि मी तुझं नाव घेतलं तर?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली नाही. तिच्याजवळही आता रागवायला ताकद उरली नव्हती. "घे," ती म्हणाली. "परत चल म्हणते मी त्याला, खरं आहे. आईनं म्हणू नये का? पण त्याचं शिक्षण बुडवीन मी?" मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "चिवड्याचा तुझा डबा घासून ठेवलाय. जाताना ने."

सकाळी मी इंडियन स्टोअरमधून चिवडा आणला होता, माझ्या प्लास्टिकच्या डब्यात भरून. तो डबा ओट्यावर होता. मी उचलला. जड लागला. उघडला तर आत बेसनाचे दोन लाडू.

"हे काय?"

"अगं, तुझा डबा रिकामा कसा देऊ?"

मी तिथेच स्टुलावर बसले. वीसेक वर्षं लोकांच्या घरात उभी राहून तपास करते, आणि स्वतःच्या घरची रीत लक्षात यायला मला दोन लाडू लागले.

आपल्या स्वतःच्या डब्यात कुणी साखर घालून ठेवत नाही. दुसऱ्याच्या डब्यात घालतात. या डब्यावर तर मालकिणीचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे साखर घातली ती घरातल्यानं नाही, पाहुण्यानं. गिरजाताई सुटली, प्रितम सुटला. अनुप रोज ताईच्याच डब्यांतून पोहे खातो, तोही घरचाच. ऋषी घरचा, शिवाय त्याला ही रीतच ठाऊक नाही, त्याला ते स्नॅक वाटलं.

राहिले दोन पाहुणे. काका पहिल्यांदाच आलेले, सोफ्यावरून हललेही नव्हते. हलले असते तरी त्यांनी 'शुगर' लिहिलेली बरणी उघडली असती, आणि डब्यात मीठ सापडलं असतं. या घरातली साखर कॉफीच्या टिनमध्ये आहे, हे इथे चार वर्षं पडीक असलेल्या माणसालाच माहीत.

"ताई, रविवारी आश्लेषा नीट जेवली?"

"कुठे! खीर आवडते तिला, म्हणून मुद्दाम केली होती. तो ऋषी काहीतरी इंग्रजीत बोलला, सगळे हसले, तिनं ती डबी हातात घेऊन पाहिली आणि मग खिरीला हात नाही लावला पोरीनं."

मी फ्रिजपाशी गेले. मॅग्नेटकडे बघितलं. जुन्या आगीत जळालं म्हणून दाखवलेल्या बाथरूममध्ये आगीनंतरची नवी टाइल निघते, आमच्या धंद्यात क्लेम तिथेच अडकतो. मी फोन काढला आणि त्या झेंड्याचा जन्म कधीचा ते शोधलं. मग अनुपला हाक मारून त्यानं काढलेला फोटो मोठा करून बघितला.

"प्रितम कुठेय?" मी विचारलं.

"झोपलाय शेवटी," अनुप म्हणाला. "उठवू?"

"नको. झोपू दे. उठल्यावर त्याला हे ऐकायचंच आहे."

६

आश्लेषाच्या ऑफिसमध्ये दिवा होता. मी स्टीलचा डबा तिच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"ही साखर तू घातलीस."

तिनं आत पाहिलं.  मग तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली.

"मी घातली? मला आठवतही नाही हो. डबी काढली, कापूस काढला, झाकण लावताना वाटलं, काकूंचा डबा असा रिकामा... मग किचनमध्ये गेले असेन. खरंच आठवत नाही."

"हाताला आठवतं. कापसासकट नेलीस म्हणजे तुला ती मोडायची नव्हती. विकायची असती तर तू साखर घातली नसतीस. सिंहाच्या हातातला झेंडा आजचा आहे ना?"

तिनं मान हलवली. "तांबडी तिरपी पट्टी आयर्लंडची. ती १८०१ साली आली. १७५८ च्या झेंड्यात ती असूच शकत नाही. डबी नंतर कुणीतरी जुनी म्हणून बनवलीय. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत ती पट्टी दिसतच नाही. आणि तो दोन वर्षं तोच फोटो बघत होता. रंगीत डबी हातात आली तरी त्याला स्वतःचं चॅप्टरच दिसत होतं. ऋषी म्हणाला सेम फ्लॅग, आणि प्रितम सगळ्यांत मोठ्यानं हसला! "

"सांगायचं ना तिथेच."

"सगळ्यांसमोर? काकूंसमोर? मेसेज केले तर ब्लॉक. त्या परीक्षक बाई डबी हातात घेतील आणि एका सेकंदात संपवतील त्याला. डबीच नसली तर कुणाला कळणार नाही. डिफेन्स झाला की मिसेस हॉलोवेंना परत देणार होते."

"आणि बाई पोलिसांना बोलावणार होत्या. व्हिसावरच्या पोरावर चोरीचा आळ. शिकलेली माणसं एवढा पुढचा विचार करतात आणि तेवढाच करत नाहीत!" मी खरंच चिडले होते. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला पोलिसांचं सुचलंच नव्हतं.

अपार्टमेंटमध्ये प्रितम उठून बसला होता. आश्लेषानं डबी फ्रिजपाशी नेली, मॅग्नेटच्या शेजारी धरली आणि तिरप्या पट्टीवर नख ठेवलं. त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो खाली, फरशीवरच बसला.

"अख्खं चौथं चॅप्टर," तो म्हणाला.

"यार, ऐक," अनुप म्हणाला. "उद्या दाखवूच नको. मिसेस हॉलोवेंना डबी दारातच परत कर, थँक यू म्हण. फोटोत दिसत नाही ना? मग विषय संपला."

प्रितमनं आश्लेषाकडे पाहिलं.  पहिल्यांदाच तिच्याजवळ लाल पेन नव्हतं.

"काय झालं रे?" गिरजाताईनं विचारलं.

"आई, मी जे लिहिलं त्यातला एक मोठा भाग चुकला. उद्या गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही."

"तुला कळलं ना?" ताई म्हणाली. "मग आता जेवून घे. वरण गार होते."

तो जेवला. आश्लेषालाही ताट वाढलं गेलं, कुणी विचारलं नाही. मी सोफ्यावर आडवी झाले आणि त्यानं काय ठरवलं हे न कळताच झोपले.

७

सकाळी त्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका बाजूला चार प्राध्यापक, त्यांतच बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. मागच्या खुर्च्यांवर आम्ही. मिसेस हॉलोवे काठी टेकत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

प्रितमनं कापूस सोडवला आणि डबी परीक्षक बाईंसमोर ठेवली. त्या हात पुढे करणार तेवढ्यात तो बोलायला लागला.

तो इंग्रजीत जे बोलला ते मी गिरजाताईच्या कानात सांगत होते. ही डबी १७५८ ची नाही, तो म्हणाला. माझं चौथं प्रकरण हिच्यावर उभं आहे, म्हणून ते मी मागे घेतो. ही चूक मला माझ्या मैत्रिणीनं, आश्लेषानं दाखवली. मला वाचवायला तिला ही डबी पळवावी लागली, कारण मी तिचं ऐकणं बंद केलं होतं. या तहावर टीका करणारे त्याचे शत्रू होते असं मी पहिल्या प्रकरणात लिहिलंय. ते वाक्यही मला परत लिहायचं आहे.

 परीक्षक बाईंनी डबी उचलली, चष्मा वर केला, झेंडा पाहिला आणि खाली ठेवली.  मिसेस हॉलोवेच बोलल्या. माझे आजोबा घोडेसुद्धा असेच खोटं वय सांगून विकायचे, एवढं म्हणून त्यांनी डबी पर्समध्ये टाकली. पोलिसांचं नाव निघालं नाही.

मग प्रश्न झाले, खूप झाले, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. प्रितम कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे मिटलेले. आश्लेषा त्याच्यापासून दोन हात लांब. गिरजाताई मधल्या बाकावर, मांडीवर तो स्टीलचा डबा घेऊन.

"तो कशाला आणलास?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

दार बंद होतं. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, सहा वर्षं, एक आई, एक डबी, आणि आता चार माणसं ठरवणार. एवढा वेळ मी कुठल्याच क्लेमच्या निकालाला थांबले नव्हते.

दार उघडलं. प्रितमच्या गाइड बाहेर आल्या. चौथं प्रकरण काढायचं, मे महिन्यापर्यंत नवं द्यायचं, अशी अट त्यांनी आधी सांगितली. गिरजाताई माझ्याकडे बघत होती, मी सांगायची वाट बघत. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्या बाईंनी हात पुढे केला.

"काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर मेश्राम."

मला भाषांतर करावं लागलं नाही. एवढं इंग्रजी गिरजाताईला पाळण्यात असल्यापासून येत होतं. तो शब्द ती लहानपणापासून एकाच नावाच्या आधी ऐकत आली होती. आता तो तिच्या आडनावाला लागला होता. ती उठली, बसली, परत उठली.

मग तिनं डबा उघडला. साखर तशीच होती, चमचाभर. आनंदाच्या बातमीला तोंड गोड करायचं, आणि त्या कॉरिडॉरमध्ये दुसरं काही नव्हतं. प्रितमनं आ केला. पण ताईनं चिमूट उचलली आणि आधी आश्लेषाच्या तोंडात घातली.

"तुझीच आहे," ती म्हणाली. "आणि उद्यापासून याचं लिहिलेलं आधी तू वाचायचं."